तुमची पडकई कवा?

वैशाख लागला की आमच्या येडगावात धरणाचं पाणी खाली जातं आणि लग्नाच्या स्पीकरचा आवाज वर येतो. ऊस तुटून गेलेला असतो, कांदा निघालेला असतो, आवाजाला अडवायला शेतात काहीच उरत नाही. तो थेट आमच्या ओट्यावर येऊन बसतो. आज सकाळपासून पलीकडच्या काठावर कुणाचं तरी लग्न आहे. नवरी अजून पार्लरमधून आलेली नसावी, पण निवेदकाने सत्कार सुरू केलेत. "आमच्या विनंतीला मान देऊन उपस्थित राहिलेले..." मग नाव, गाव, पद, आणि पुढचं नाव. आमच्याकडे नवरा-नवरीला अक्षतांसाठी ताटकळत ठेवून आधी अख्ख्या तालुक्याचे सत्कार उरकतात. मुहूर्त टळला तरी चालतो, नाव टळलेलं चालत नाही. नाव राहिलं तर पावणा न जेवता गाडीला किक मारतो आणि ते पुढच्या तीन लग्नांपर्यंत निस्तरावं लागतं.

मी ओट्यावर बसून हे ऐकते आहे आणि समोर लॅपटॉपवर एक ईमेल उघडा आहे. त्यातही सत्कारच आहे, आणि तो माझा आहे.

मी कॉलेजात संगणक शिकवते. त्यातून उरलेल्या वेळात एक आवाज सांभाळते. ज्यांना दिसत नाही किंवा कमी दिसतं, त्यांना फोनवरचं मराठी मोठ्याने वाचून दाखवणारा हा आवाज आहे. फुकट आहे आणि ओपन सोर्स आहे. म्हणजे कुणीही घ्यावा, उघडून पाहावा, दुरुस्त करावा, पुढच्याला द्यावा. बनवणारे आम्ही पंधरा-वीस जण गावोगाव विखुरलेले, बिनपगारी. एकमेकांना बहुतेक फक्त अक्षरांतून ओळखतो. मंडळी चांगली आहेत. त्यांनीच लिहिलंय, 'मॅडम, यंदा तुमच्या इतक्या वर्षांच्या सेवेबद्दल पुण्यात छोटासा कार्यक्रम करायचा आहे. शाल, मानचिन्ह, आणि संकेतस्थळावर तुमच्या नावापुढे कायमचा तारा.'

तारा! मी चष्मा पुसला आणि परत वाचलं. मला हसू यायला हवं होतं, पण आला तो कंटाळा.

खरं सांगते, मी दमले आहे. हा थकवा झोपून जात नाही. दर थोड्या दिवसांनी फोनवाले काहीतरी बदलतात आणि आमचा आवाज मुका होतो. मग लोक लिहितात. काही प्रेमाने लिहितात, काही असं लिहितात की जणू मी त्यांच्या घरी पाणी भरायला आहे. 'अजून दुरुस्त का नाही?' 'तुम्हाला जमत नसेल तर सांगा.' कॉलेजातून यावं, पदर खोचावा, कुकर लावावा आणि ओट्यावर बसून तक्रारींचा ढीग उपसावा. वरून चार काढल्या की खालून सहा निघतात. गेल्या आठवड्यात मी एक मजकूर लिहिला. 'सर्वांना नमस्कार, मी या कामातून थांबते आहे.' लिहिला, पण धाडला नाही. पुढे कुणाचं नाव घालायचं तेच सुचेना. मी सोडलं तर ते धरणारं कुणी नाही, आणि कुणी नसलं तर आवाज वर्षभरात बंद पडेल. तो मजकूर तसाच उघडा आहे आणि त्याच्या शेजारी हा तारा.

पलीकडून निवेदक ओरडतोय, "टाळ्या झाल्या पाहिजेत!"

असाच एक वैशाख होता. काही वर्षं झाली. तेव्हा या आवाजाला आवाजच नव्हता. यंत्राचा एक घशात खडा अडकल्यासारखा खरखरीत स्वर होता, तो ऐकून ऐकणाऱ्याचं डोकं दुखायचं. आम्हाला माणसाचा आवाज हवा होता. त्या उन्हाळ्यात कॉलेजातल्या संगणकाच्या वर्गाला अंगणवाडीच्या ताया आल्या होत्या. त्यांत मंदा होती, आंबेगावच्या पश्चिमेची, डिंभ्याच्या धरणाच्याही पलीकडे डोंगरात राहणारी. तिला पडद्यावरचं मनात वाचता यायचं नाही, ओठ हलवत मोठ्याने वाचायची. बाकीच्या हसायच्या. मी मात्र खडू हातात धरून ऐकत राहिले. साधा, स्वच्छ आवाज, कुठे घाई नाही. माठातलं पाणी पेल्यात ओतावं तसा.

"मंदा, तुझा आवाज देशील?" मी विचारलं.

"देते की. पर परत मिळंल ना?" ती म्हणाली, आणि सगळा वर्ग हसला.

ती पंधरवडाभर आमच्याकडेच राहायला आली. रेकॉर्डिंगला स्टुडिओ कुठला? आमची कांदे ठेवायची मागची खोली रिकामी केली आणि घरातल्या, शेजारच्या, माहेरच्या मिळून जेवढ्या गोधड्या होत्या तेवढ्या चारी भिंतींना टांगल्या. आवाज घुमू नये म्हणून खिडकीलाही गोधडी. पंखा बंद, कारण त्याची घरघर येते. वैशाखातली दुपार, कांद्याचा वास, जुन्या लुगड्यांचा वास आणि आम्ही दोघी घामाने थबथबलेल्या. मंदा वाक्य वाचायची, मी कानाला यंत्र लावून ऐकायची. 'गाडी वेळेवर आली.' 'दार उघडे आहे.' 'आईने हाक मारली.' अशी हजारो वाक्यं. कागद हातात असला की मंदाच्या तोंडी अगदी पुस्तकातलं 'होतं' यायचं, कागद खाली ठेवला की लगेच "लई उकडतंय बया, आमच्याकडं आसं व्हत न्हाई."

आणि बाहेर लग्नसराई. 'दार उघडे' म्हणेपर्यंत कुणाचा तरी बँड सुरू. 'आईने हाक' म्हणेपर्यंत स्पीकरवर "श्रीमंत भावी सरपंच यांचं आगमन झालेलं आहे!" पुन्हा पहिल्यापासून. एकदा तर सलग तीन वेळा एकाच माणसाचा सत्कार आमच्या एका वाक्यात घुसला. मंदा गोधडीत तोंड खुपसून हसत सुटली. "मॅडम, ह्यांचं नाव टाकूनच द्या आवाजात. लई हौस हाय त्यांला." आजही कुठल्याशा वाक्याच्या शेवटी, अगदी कान देऊन ऐकलं तर, लांबचा एक ढोल ऐकू येतो. तो मी मुद्दाम ठेवला आहे.

संध्याकाळी उन्हं उतरली की आम्ही धरणाच्या काठाला जाऊन बसायचो. पाणी मागे सरकलेलं, गाळाला भेगा, त्यात बगळे. मंदा बोलायची ते सगळं तिच्या डोंगराबद्दल. हिरडा वाळत घालायचे दिवस आहेत, सासूच्या डोळ्यांत पडदा आलाय, तरी ती हाताने चाचपून हिरडा निवडते. मागच्या पावसात भाताच्या खाचराचा बांध वाहून गेला. तो उभा नाही राहिला तर यंदा भात नाही. हे ती काही तक्रारीच्या सुरात सांगत नसे. मी हं हं करायचे, कारण माझ्या डोक्यात उद्याची वाक्यं असायची.

वाक्यं संपली. आकडे तेवढे राहिले. मराठीत शंभरपर्यंत प्रत्येक आकडा वेगळाच म्हणावा लागतो, एकोणतीसवरून एकोणचाळीस जुळवता येत नाही. ते पुढच्या खेपेला करू असं ठरलं, कारण मध्ये कार्यक्रम आला.

आमच्या या जगात कुणी किती काम केलं ते यंत्रच मोजतं. कोडच्या ओळी ज्याने लिहिल्या त्याचं नाव आपोआप पानावर चढतं. मंदाने एकही ओळ लिहिलेली नव्हती. ती पानावर कुठेच नव्हती. यावर मंडळींमध्ये बरंच बोलणं झालं. जे कोड लिहीत नाहीत त्यांचीही कदर झाली पाहिजे, असं सगळ्यांनी एकमुखाने ठरवलं. मंदाचा सत्कार कुठे करायचा? भास्करभाऊ म्हणाले, आळेफाट्याला. भास्करभाऊंचं तिथे गाड्यांच्या वायरिंगचं गॅरेज आहे, आणि जगाने टाकून दिलेले सगळे जुने फोन त्यांच्या फळीवर असतात. आमचा आवाज जुन्या फोनवर चालतो की नाही, ते तेच तपासतात. ते म्हणाले, "मंगल कार्यालय आपल्या वळखीचं हाय मॅडम. मंडप हाय, माईक हाय, आण्णांना सांगतो निवेदनाला. तुमी नुसतं या."

आण्णा म्हणजे तालुक्यातल्या निम्म्या लग्नांचे निवेदक. त्यांना ओपन सोर्स म्हणजे काय ते समजावून सांगितलं. ते म्हणाले, "समजलं. धर्मादाय." आणि मग त्यांनी आयुष्यभर जे केलं तेच केलं. आधी कार्यालयाच्या मालकांचा सत्कार, मग मंडपवाल्यांचा, मग पाण्याचे जार देणाऱ्यांचा, मग जे सहज डोकावले होते त्यांचा. बाहेर नाशिककडे जाणारे ट्रक हॉर्न वाजवत होते. शेवटी आण्णांनी आवाज चढवला. "आणि आता जिच्या गोड वाणीनं जुन्नर-आंबेगावचं नाव जगात नेलं, त्या मंदाताई! त्यांच्या वतीनं सत्कार स्वीकारायला त्यांचे मालक लक्ष्मणराव यांनी व्यासपीठावर यावं!"

आमच्याकडे हे असंच होतं. बाई सरपंच असली तरी फेटा नवऱ्याच्या डोक्यावर बसतो. आण्णांच्या मनात खोट नव्हती, त्यांच्या जिभेला तेच वळण होतं. लक्ष्मण बिचारा दचकून उठला. शाल त्याच्या खांद्यावर पडली, नारळ त्याच्या हातात आला, फोटो निघाला. मी उठून हात करत होते, भास्करभाऊ आण्णांच्या कानाला लागत होते, तोवर टाळ्या वाजून गेल्या होत्या. "वहिनींनीपण यावं," आण्णांनी सारवासारव केली. मंदा काही उठली नाही. मांडीवरच्या पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत बसून राहिली.

फोटो संकेतस्थळावर गेला. खाली ओळ, 'आपल्या आवाजाचे मानकरी.' विदर्भातल्या एका भल्या गृहस्थांनी लिहिलं, 'सरांचा आवाज फारच कोमल आहे.' आम्ही फोटो काढून टाकला, मंदाचा लावला, माफी मागितली. जे झालं ते झालं होतं. लक्ष्मण मला फोनवर म्हणाला, "मला काय ठावं मॅडम, नाव घेतलं म्हनून उठलो. घरी आल्यापास्नं ती बोलंना." मंदा एवढंच म्हणाली, "आसू द्या. शाल घरातच आली न्हवं का."

मी तिला आकड्यांचं विचारलंच नाही. आवाज तसाच लोकांच्या हाती गेला. त्याला गोष्ट वाचता यायची, पण एसटीची वेळ सांगता यायची नाही, कारण आकडा आला की तो गप्प व्हायचा. लोक विचारायचे, आकडे कधी? मला मंदाला फोन करायचं धाडस होईना. शेवटी केला. म्हटलं, "मंदा, मंडळींना तुझा पुन्हा नीट सत्कार करायचाय. तू एकटी, व्यासपीठावर."

ती म्हणाली, "मॅडम, सत्कार नगं. तुमी पडकईला याल का?"

पडकई मला ऐकून माहीत होती. पावसाच्या आधी डोंगरातली माणसं मिळून एकेकाचं भातखाचर उभं करतात. आज तुझं, उद्या त्याचं. मजुरी नाही. ज्याचं खाचर, त्याच्या घरचा भात. मला वाटलं ती चेष्टा करतेय. ती चेष्टा करत नव्हती.

आम्ही गेलो. मी, आमचे हे, भास्करभाऊ, आणि पुण्याहून आलेली आमच्यातली दोन मुलं, ज्यांनी तोवर फक्त कळफलक बडवला होता. सूर्य डोंगरावर यायच्या आत कामाला लागलो. वाहून गेलेल्या बांधाचे दगड खालच्या ओहोळातून वर आणायचे, मुरूम खणायचा, घमेली हातोहात पुढे द्यायची. आमच्या हातांना तासाभरात फोड आले. बायका आम्हाला पाहून पदर तोंडाला लावून हसत होत्या. "पावणं, घमेलं हाय ते, देव्हारा न्हाई. टाका की खाली!" भास्करभाऊंचा दगड घसरला तो थेट त्यांच्याच बुटावर. लक्ष्मण माझ्या शेजारच्या जागी होता. एकदा घमेलं देताना हळूच म्हणाला, "ती शाल दिली म्हातारीला. पांघरते." आणि पुढचं घमेलं दिलं.

दुपारी अंगणात पंगत बसली. भात, उडदाचं घुटं, कांदा. एका बाजूला तरटावर हिरडा वाळत होता, त्याचा तुरट वास हाताला, भाताला, सगळ्याला. मी मनातून वाट पाहत होते. कशाची? कुणीतरी म्हणेल, मॅडम तुम्ही एवढ्या लांबून आलात, लई उपकार झाले. एवढी मास्तरकी केल्यावर ही सवय जात नाही. कुणी काही म्हणालं नाही. संध्याकाळी बांध कमरेएवढा उभा राहिला. निघताना मी मंदाच्या सासूच्या पाया पडले. तिने ती शाल सावरली, मी नीट दिसावी म्हणून तोंड जवळ आणलं, आणि विचारलं,

"तुमची पडकई कवा?"

मी म्हटलं, "आमच्याकडं खाचर नाही, मावशी."

"आसंल की काईतरी उपसायचं," म्हातारी म्हणाली. "सांगावा धाडा."

त्यांच्याकडे आभार मानायची तऱ्हा ही अशी. आभार मानले की देणं-घेणं मिटतं, माणूस मोकळा होतो. त्यांना मोकळं व्हायचंच नसतं. गाडीत बसल्यावर मला रडू आलं. का ते आमच्या ह्यांना सांगता आलं नाही. ते म्हणाले, कंबर धरली असेल.

पुढच्याच आठवड्यात मंदा आली. गोधड्या पुन्हा टांगल्या. एक, दोन, तीन करत आम्ही शंभरापर्यंत गेलो, बाहेर कुणाचं तरी लग्न चालू होतंच. नंतर कधीतरी तिच्या सासूच्या फोनवर तो आवाज बसवून दिला. मंदा रानात गेली की म्हातारी एसटीची वेळ फोनकडून वाचून घेते, आणि फोन बोलला की म्हणते, "बरं गं मंदे."

हे सगळं आज आठवायचं कारण तो तारा. मंडळींवर मी रागावलेली नाही. त्यांना माझं कौतुक आहे आणि कौतुक दाखवायला त्यांच्याकडे शाल आहे. पण शाल घेऊन मी घरी येणार, ती कपाटात ठेवणार आणि पुन्हा ओट्यावर बसून ढीग उपसणार. सत्कारात माणूस व्यासपीठावर एकटा उभा राहतो. खाली उतरल्यावरही तो एकटाच असतो. याचीच मला धास्ती वाटते. इतकी वर्षं मी कुणाला सांगावा धाडला नाही, कारण मागायचं कसं तेच मला ठाऊक नव्हतं. आमच्याकडे बाईला सगळं निभावून न्यायला शिकवतात. हाक मारायला कुणी शिकवत नाही.

परवा मंदाचा फोन आला होता, अंगणवाडीच्या कसल्याशा कामासाठी. मध्येच थांबून म्हणाली, "मॅडम, आवाज दमलाय तुमचा." तिला आवाजातलं कळतं. मग मी बोलत सुटले. तक्रारी, मुके झालेले फोन, उद्धट माणसं, न धाडलेला मजकूर, सगळंच. शेवटी ती म्हणाली, "बेस्तरवारी घरी हाईत का?" मी म्हटलं, हो, सुट्टीच आहे. "बरं," म्हणाली आणि ठेवला.

आज गुरुवार. पलीकडे अक्षता पडल्या, स्पीकरने हुश्श केलं आणि तेवढ्यात आमच्या फाटकाची कडी वाजली. मंदा. घोडेगावहून एसटी बदलत आलेली, कपाळाला घाम, पिशवीत हिरडा. तिच्या मागे वर्गातल्याच दोन ताया, एकमेकींना ढोसत. रस्त्यावर गाडी लावत भास्करभाऊ, बगलेत जुन्या फोनचं खोकं.

"आगं, कळवायचं तरी!" मी म्हटलं.

"तुमी कवा सांगावा धाडनार व्हता?" मंदाने चपला ओट्याखाली सारल्या. "निम्म्या तक्रारी आसतील की कसं बसवायचं म्हनून. त्याला तुमी कशाला पायजे? ते आमी सांगू. ज्ये बिघडलंय त्ये भाऊ बघतील. उरलं त्ये तुमी करा. कुठंय ढीग?"

मी लॅपटॉप तिच्यापुढे सरकवला. पडद्यावर तो मजकूर उघडाच होता. मंदाला अजून मनात वाचता येत नाही. ओठ हलवत, मोठ्याने, घरोघरच्या फोनमधून बोलणाऱ्या त्याच आवाजात ती वाचायला लागली, "सर्वांना नमस्कार, मी या कामातून थांबते..."

ती थांबली. माझ्याकडे पाहिलं.

"ह्ये काय लिवलंय, मॅडम?"

"ते राहू दे," मी म्हटलं. "त्याच्या खालचा ढीग उघड."

आणि आत जाऊन पाच-सहा माणसांच्या भाताला आधण ठेवलं.